चार पोलिसांची नावं

"मार्ग चुकला असेल, पण हेतू शुद्ध होता." दर वर्षी 30 जानेवारीला आणि पुन्हा 15 नोव्हेंबरला हे वाक्य घरच्या ग्रुपवर येतं. ते नथुराम गोडसेबद्दल असतं. लिहिणारे खुनाची पाठराखण करणारे नसतात. बहुतेक जण सज्जन, वाचनाची आवड असलेले, नातवंडांना शुभंकरोति शिकवणारे असतात, आणि आपण दोन्ही बाजू पाहतो आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. यंदा त्यात एक भर पडली: शिक्षा देताना न्यायालयाने माणसाचं मन बघायला हवं होतं, देशासाठी जळणारा माणूस आणि दरोडेखोर एकाच तराजूत कसे तोलता? मी विरोध केला तर उत्तर आलं, तू तिकडे बसून बोलू नकोस.

मी तिकडे बसूनच बोलणार आहे. माझ्या बाबतीत "तिकडे" म्हणजे म्युनिक, आणि न्यायालय आरोपीच्या मनात डोकावून निकाल देऊ लागलं की काय होतं, याचं या शहराइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. 1 एप्रिल 1924 रोजी इथल्या न्यायालयाने निकालपत्रात लिहिलं की आरोपी निखळ देशभक्तीच्या भावनेने आणि अत्यंत उदात्त, निःस्वार्थ इच्छेने वागले. त्या आरोपींमध्ये अॅडॉल्फ हिटलर होता.

आपल्याकडे शाळेत या प्रकरणाला दोन ओळी मिळतात: 1923 साली हिटलरने बिअर हॉलमध्ये बंड केलं, ते फसलं, तुरुंगात त्याने पुस्तक लिहिलं. बंड कसं फसलं आणि फसल्यावर त्याचं काय केलं गेलं, या दोन गोष्टी त्या ओळींमधून निसटतात. वाद घालायचा असेल तर त्या दोन्ही माहीत हव्यात.

आधी परिस्थिती. 20 नोव्हेंबर 1923 रोजी एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडत होते. जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमने युद्धभरपाईच्या थकबाकीवरून रूरचा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला होता. बर्लिन सरकारने तिथल्या कामगारांना असहकार करायला सांगितला आणि त्यांचे पगार नोटा छापून भागवले. 26 सप्टेंबरला चान्सलर श्ट्रेसेमान यांनी तो असहकार मागे घेतला. दुसरा इलाज राहिला नव्हता, पण म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या बव्हेरिया राज्यात त्याला गद्दारी म्हटलं गेलं. त्याच दिवशी बव्हेरिया सरकारने आणीबाणी पुकारून गुस्टाफ फॉन कार यांच्या हाती सगळी सत्ता दिली. त्यांच्या जोडीला होते बव्हेरियातल्या लष्कराचे प्रमुख जनरल लोसो आणि राज्य पोलिसांचे प्रमुख कर्नल झायसर. बर्लिनचं लोकशाही सरकार या तिघांनाही नकोच होतं. उत्तरेकडच्या सेनाधिकाऱ्यांनी आधी पाऊल टाकावं म्हणून ते थांबले होते, एवढंच.

हे प्रजासत्ताक दुबळं होतं असं सगळेच म्हणतात. ते कुठल्या बाजूला दुबळं होतं हे मात्र ऑक्टोबर 1923 मध्ये दिसतं. नाझी पक्षाच्या वृत्तपत्रावर बंदी घाला, असा हुकूम बर्लिनहून आला. लोसोंनी तो पाळला नाही. बर्लिनने त्यांना पदावरून काढलं, तर बव्हेरियाने त्यांना पदावर ठेवलं आणि आपल्या हद्दीतल्या सैन्याकडून बव्हेरियाच्या सरकारशी निष्ठेची शपथ घेवविली. लष्करी शिस्तीत याहून उघड बंडखोरी नसते. बर्लिनने सैन्य पाठवलं नाही. त्याच महिन्यात सॅक्सनी आणि थुरिंगियात कम्युनिस्ट कायदेशीर मार्गाने राज्य मंत्रिमंडळांत शिरले, तेव्हा मात्र सैन्य गेलं आणि सॅक्सनीचं सरकार बरखास्त झालं. या दुहेरी मापावर चिडून 2 नोव्हेंबरला सोशल डेमोक्रॅट केंद्र सरकारातून बाहेर पडले. सहा दिवसांनी म्युनिकमध्ये गोळी सुटली.

8 नोव्हेंबरच्या रात्री कार यांचं भाषण बुर्गरब्रॉयकेलरमध्ये होतं. आज त्या जागेवर हॉटेल आणि गास्टाइग हे सांस्कृतिक केंद्र आहे; एस-बान लोकलने रोझेनहायमर प्लाट्झला उतरलं की समोरच. सभागृहात सुमारे 3000 माणसं, त्यांत बव्हेरियाचे पंतप्रधान आणि मंत्रीही होते. साडेआठच्या सुमारास हिटलरची माणसं आत घुसली, दारात मशीनगन उभी राहिली, हिटलरने छताकडे पिस्तूल झाडलं आणि राष्ट्रीय क्रांती सुरू झाल्याचं जाहीर केलं. कार, लोसो आणि झायसर यांना बाजूच्या खोलीत नेलं. पिस्तुलाच्या धाकाने आणि नंतर आलेल्या, पहिल्या महायुद्धात गाजलेल्या जनरल लुडेनडॉर्फच्या आग्रहाने तिघांनी होकार दिला. बाहेर येऊन व्यासपीठावर हस्तांदोलनही झालं.

इथपर्यंत उठाव यशस्वी होता. तो कसा फसला हे तपशिलात जाऊन पाहावं, कारण "लोकांनी लोकशाही वाचवली" हे गोड वाक्य इथे लागू पडत नाही.

पहिली चूक माणसांवरच्या ताब्याची. इंजिनिअर पलटणीच्या बराकीत अडचण झाली म्हणून हिटलर स्वतः सभागृह सोडून तिकडे निघून गेला. शस्त्रं घ्यायला तिथे गेलेल्या बंडखोरांना बराकीतल्या अधिकाऱ्याने कवायतीच्या हॉलमध्ये कोंडून टाकलं होतं. हिटलर नसताना तिन्ही ओलीस लुडेनडॉर्फकडे होते. त्यांनी सेनाधिकाऱ्याचा शब्द दिला आणि लुडेनडॉर्फने साडेदहाच्या सुमारास त्यांना जाऊ दिलं. दुसरी चूक संपर्काची. हिटलरचा साथीदार एर्न्स्ट रोम याने लुडविगश्ट्रासवरचं लष्करी मुख्यालय ताब्यात घेतलं, पण शहराचं तारघर कुणी घेतलं नाही. बातमी बर्लिनला पोचली. तिसरी चूक बराकींची. सेनाधिकाऱ्यांच्या शाळेतले कॅडेट तेवढे उठावात आले, एकही मोठी पलटण आली नाही. म्युनिकचे लष्करी कमांडंट जनरल डानर यांनी तर लोसोंच्या आदेशाची वाट न बघता बाहेरगावच्या तुकड्या बोलावायला सुरुवात केली होती. राज्य मंत्रिमंडळातले फ्रान्झ माट त्या रात्री सभागृहात नव्हते, म्हणून ओलीस झाले नाहीत. उरलेलं सरकार त्यांनी रेगेन्सबुर्गला हलवायची व्यवस्था केली.

सुटका झाल्यावर लोसो 19व्या पायदळाच्या बराकीत गेले. पहाटे 2 वाजून 55 मिनिटांनी सगळ्या जर्मन बिनतारी केंद्रांना संदेश गेला की कार, लोसो आणि झायसर यांना उठाव मान्य नाही, त्यांचा होकार शस्त्राच्या धाकाने घेतलेला होता. सरकार वाचलं ते या संदेशामुळे. संदेश पाठवणारे लोकशाहीचे मित्र नव्हते. फसणाऱ्या उठावात त्यांना अडकायचं नव्हतं.

त्या रात्री बंडखोरांनी शहरात काय केलं, हे "शुद्ध हेतू" म्हणणाऱ्यांनी वाचावं. सोशल डेमोक्रॅटांच्या वृत्तपत्राची कचेरी फोडली, छपाईयंत्रांची मोडतोड केली. दोन छापखान्यांतून ताज्या नोटांचे गठ्ठे उचलले. दारावरच्या पाट्या आणि टेलिफोनच्या यादीतली ज्यू वाटणारी नावं बघून घरांतून माणसं उचलली. सकाळी महापौर आणि नगरसेवकांना ओलीस धरलं.

9 तारखेला दुपारी सुमारे 2000 जणांचा मोर्चा बुर्गरब्रॉयकेलरहून निघाला. लुडविगच्या पुलावरची पोलिसांची फळी त्यांनी मोडली, मग इझारटोर, टाल, मारिएनप्लाट्झ असं करत ते रेझिडेन्झश्ट्रासच्या अरुंद गल्लीतून ओडियॉन्सप्लाट्झकडे आले. गल्लीच्या तोंडाशी, फेल्डहेर्नहाले या स्मारकवास्तूच्या कडेला, राज्य पोलिसांची तुकडी उभी होती. पहिली गोळी कुणी झाडली यावर आजही एकमत नाही. गोळीबार जेमतेम अर्धा मिनिट चालला. हिटलरच्या हातात हात गुंफून चालणारा शॉयब्नर-रिश्टर जागीच मेला आणि पडताना त्याने हिटलरलाही खाली ओढलं. हिटलरचा खांदा निखळला. तो गाडीतून पळाला आणि दोन दिवसांनी उफिंग गावात एका मित्राच्या घरी सापडला. त्याचा साथीदार गोअरिंग जखमी होऊन ऑस्ट्रियात पळाला.

उठावात एकूण 20 माणसं मेली: 15 बंडखोर, फुकट जीव गमावलेला एक वेटर आणि 4 पोलीस. नाझींनी नंतर त्या वेटरला आपल्या हुतात्म्यांत धरून 16चा आकडा केला आणि त्या सोळांची पूजा मांडली. चार पोलीस कुणाचेच हुतात्मे झाले नाहीत.

आता खटला. माझा सगळा राग इथे आहे.

परराष्ट्रमंत्री राठेनाऊ यांचा जून 1922 मध्ये खून झाल्यानंतर प्रजासत्ताकाने स्वतःच्या संरक्षणासाठी कायदा केला होता. त्यानुसार असा राजद्रोहाचा खटला लाइपझिगच्या विशेष न्यायालयात चालायला हवा होता. बव्हेरियाने आरोपी द्यायला नकार दिला. कारण सरळ होतं: लाइपझिगमध्ये उलटतपासणी झाली असती तर कार, लोसो आणि झायसर स्वतः काय शिजवत होते ते बाहेर पडलं असतं. खटला म्युनिकच्या "लोकन्यायालया"त ठेवला गेला. महायुद्धानंतरच्या क्रांतीच्या काळात झटपट निकालांसाठी काढलेलं हे न्यायालय: दोन व्यावसायिक न्यायाधीश, तीन सामान्य नागरिक, आणि अपिलाची सोय नाही. अध्यक्षस्थानी गेओर्ग नाइटहार्ट.

26 फेब्रुवारी 1924 रोजी सुनावणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी हिटलरला जवळजवळ चार तास बोलू दिलं गेलं. आरोपीचा पिंजरा प्रचाराचं व्यासपीठ झाला आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी ते भाषण छापलं. साक्षीदारांना प्रश्न विचारायची मुभाही त्याला मिळाली, आणि लोसोंवर तो ओरडत राहिला. सरकारी वकिलांनी हिटलरसाठी आठ वर्षं मागितली. न्यायालयाने पाच दिली. राजद्रोहाला त्या वेळच्या कायद्यात शिक्षा जन्मठेपेची होती; सौम्य करणारी कारणं सापडली तर खालची मर्यादा पाच वर्षं किल्ल्यातल्या कैदेची. किल्ल्यातली कैद म्हणजे मानाची कैद: सक्तमजुरी नाही, स्वतःचे कपडे, भेटीगाठी. लांड्सबेर्गच्या तुरुंगात हिटलरला भेटायला 300हून जास्त माणसं आली. लुडेनडॉर्फ निर्दोष सुटला. रोम, फ्रिक यांच्यासारख्या पाच जणांना सव्वा वर्षाची शिक्षा झाली, पण ते तिथल्या तिथे मोकळे झाले. चार पोलिसांच्या मृत्यूबद्दल आरोपींतल्या कुणालाही वेगळी शिक्षा झाली नाही.

तीन नागरिक न्यायाधीशांना तर हिटलरला सोडूनच द्यायचं होतं. तो लवकर सुटेल असं सांगून नाइटहार्ट यांनी त्यांना दोषी ठरवण्यापुरतं राजी केलं. त्यातही एक कायदेशीर अडसर होता. एका विरोधी वक्त्याला सभेत मारहाण केल्याबद्दल हिटलरला 1922 मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली होती, त्यातला एक महिना भोगून तो चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर बाहेर होता. अशा माणसाला पुन्हा तीच सवलत देता येत नव्हती. न्यायालयाने ती दिली. पोलीस आणि सरकारी वकील दोघांनीही सुटकेला हरकत घेतली होती. 20 डिसेंबर 1924 रोजी तो बाहेर आला. फेब्रुवारी 1925 मध्ये त्याने पक्ष पुन्हा उभा केला, त्याच बुर्गरब्रॉयकेलरमध्ये.

मन पाहून न्याय करणाऱ्या या न्यायालयाला मन कुणाचं दिसत होतं, हेही बघा. बव्हेरियाचे समाजवादी पंतप्रधान कुर्ट आयस्नर यांचा 1919 मध्ये खून करणारा काउंट आर्को याच नाइटहार्ट यांच्यासमोर उभा राहिला होता. फाशी सुनावली, पण आरोपीच्या देशप्रेमाची तारीफ करत. दुसऱ्या दिवशी सरकारने ती जन्मकैदेत बदलली आणि 1924 मध्ये तो लांड्सबेर्गहून सुटलाही. दुसरीकडे म्युनिकच्या अल्पजीवी सोव्हिएत प्रजासत्ताकातला कम्युनिस्ट नेता ऑयगेन लेविने: हेतू हलका ठरवून त्याला 5 जून 1919 रोजी गोळ्या घातल्या. त्याच प्रजासत्ताकातला कवी एर्न्स्ट टोलर यालाही हिटलरइतकीच, पाच वर्षांची शिक्षा झाली होती. त्याने ती जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत भोगली. हायडेलबर्गच्या गुंबेल या संख्याशास्त्रज्ञाने 1919 ते 1922 या काळातले राजकीय खून मोजले. उजव्यांनी केलेले 354, त्यांतले 326 शिक्षेविना. डाव्यांनी केलेले 22, त्यांतले 4 शिक्षेविना आणि 10 जणांना मृत्युदंड. 1920 मध्ये बर्लिनमध्ये उजव्या गटाच्या काप याने सत्ता बळकावली आणि लाखो कामगारांच्या संपाने चार दिवसांत ती गेली. त्या प्रकरणात न्यायालयाकडून शिक्षा झाली ती कापच्या साथीदारांपैकी एकट्या फॉन यागो याला. लुडेनडॉर्फ त्याही वेळी तिथे होता. त्याला तेव्हा खऱ्या तुरुंगाची चव मिळाली असती तर 1923 साली तो म्युनिकच्या रस्त्यावर नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून घरच्या ग्रुपवर "हेतू" हा शब्द आला की मला नाइटहार्ट आठवतात. हेतू कुठे दिसत नाही, मोजता येत नाही. न्यायाधीशाला तो आपल्यासारख्या माणसाच्या छातीतच सापडतो. आयस्नरचा हेतू त्यांना कधी दिसला नसता.

आपल्याकडे काय झालं ते याच्या शेजारी ठेवा. 1948 साली भारत जर्मनीहून सुखी नव्हता. फाळणीत लाखो माणसं मेली होती, दिल्ली निर्वासितांनी भरली होती, राज्यघटना अजून लिहिली जात होती. तरी लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांनी पुरावे तपासले. 10 फेब्रुवारी 1949च्या निकालात दोघांना फाशी, पाच जणांना जन्मठेप झाली आणि सावरकर निर्दोष सुटले. अपील झालं, आणि पंजाबच्या उच्च न्यायालयाने आणखी दोघांना सोडलं. नथुरामला त्याची बाजू मांडू दिली, आणि त्याने ती सविस्तर मांडली. ती ऐकून शिक्षेचं माप बदललं नाही. फाशी द्यावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे. मी फाशीच्या विरोधात आहे, आणि गांधीजींच्या मणिलाल व रामदास या मुलांनीही दयेची विनंती केली होती. पण ती दया मारेकऱ्याचा हेतू शुद्ध होता म्हणून मागितलेली नव्हती. 1948 मध्येच महाराष्ट्रात ज्या निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरं जाळली गेली, त्यांच्यावर अन्याय झाला. जाळणारे गांधीजींच्या प्रेमापोटी आले होते असं कुणी म्हटलं तर तेही मी ऐकून घेणार नाही. ग्रुपवर ही जळिताची गोष्ट माझ्यावर डागली जाते, जणू मी ती नाकारते आहे. मी नाकारत नाही. तुम्ही जो नियम नथुरामला लावता तो त्या जाळणाऱ्यांना लावून बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग चापेकरांचं काय, असं विचारलं जातं. रँडला मारणाऱ्या दामोदरपंतांना खुनी म्हणायचं का? 1897च्या पुण्यात माणसाला आपलं सरकार बदलण्याचा एकही मार्ग दिलेला नव्हता. राज्य परक्यांचं, मत नाही, आणि लिहिणाऱ्या टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाच्या कलमाखाली तुरुंग. 1919च्या जर्मन घटनेने वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला आणि बाईला मत दिलं होतं. हिटलरने पिस्तूल झाडलं ते त्या मताच्या विरोधात. हा फरक मला पुरेसा वाटतो. ज्यांना तो पुरेसा वाटत नाही त्यांच्याशी मी बोलायला तयार आहे, पण "हेतू" या एका शब्दात दोघांना एकत्र बांधू देणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा असतो: हिटलर शेवटी मतांनीच आला ना, मग 1924च्या निकालाने काय बिघडलं? बिघडलं ते असं. 1928च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला 2.6 टक्के मतं होती. सत्ता आली ती 1929नंतरच्या मंदीत, आणि तेव्हाही पूर्ण बहुमत नव्हतं. वृद्ध राष्ट्राध्यक्षाच्या भोवतालच्या माणसांनी त्याला चान्सलर केलं. मंदी न्यायालयाने आणली नाही. पण मंदी आली तेव्हा तो माणूस या देशात मोकळा होता, आणि नाइटहार्ट यांच्या निकालपत्रामुळे राजद्रोहाचा गुन्हेगार न राहता देशभक्त म्हणून वावरत होता. सप्टेंबर 1933 मध्ये नाइटहार्ट म्युनिकच्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष झाले. कार यांना 1934च्या जूनअखेरीस डाखाउच्या छळछावणीत ठार मारलं गेलं.

तो माणूस या देशात राहायलाच नको होता, आणि हेही निकालपत्रातलंच आहे. हिटलर ऑस्ट्रियाचा नागरिक होता. प्रजासत्ताक संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की असा गुन्हा केलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढावं. न्यायालयाने ते कलम लावलं नाही. कारण दिलं की जो माणूस हिटलरसारखा जर्मन विचार करतो आणि ज्याच्या भावना जर्मन आहेत, त्याला हे कलम त्याच्या आशयाप्रमाणे लागूच पडत नाही. साडेचार वर्षं त्याने जर्मन सैन्यात नोकरी केली होती, हेही नोंदवलं. नंतर बव्हेरियाने त्याला ऑस्ट्रियाला परत पाठवता येतं का ते पाहिलं, तर ऑस्ट्रियाने घ्यायला नकार दिला. 1925 मध्ये त्याने ऑस्ट्रियाचं नागरिकत्व सोडलं आणि जवळजवळ सात वर्षं तो कुठल्याच देशाचा नव्हता. 25 फेब्रुवारी 1932 रोजी ब्राउनश्वाइग राज्याने त्याला सरकारी नोकरीवर दाखवून जर्मन नागरिक करून टाकलं. अकरा महिन्यांनी तो चान्सलर होता.

हे कलम वाचताना मी शांत राहू शकत नाही, कारण मीही इथे परदेशीच आहे. केव्हीआर या शहराच्या परवाना कचेरीच्या खिडकीवर माझ्याकडे वास्तव्याचा परवाना, पगाराच्या पावत्या, विम्याचं पत्र आणि आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा, कागद मागतात. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचा वास, बी-वन पातळीचं जर्मन, 33 प्रश्नांपैकी 17 बरोबर, लोकशाही घटनेशी निष्ठेचं निवेदन आणि 255 युरो. माझ्या भावना जर्मन आहेत का, याला रकाना नाही. आणि मला ते हवं आहे. त्या रकान्यात माझं नाव कधीच नीट बसलं नसतं. खिडकीपलीकडचा माणूस माझ्या मनात डोकावायला लागला तर मी सगळ्यात आधी बाहेर जाईन, आणि त्याच्यासारखा दिसणारा, बोलणारा कुणी गुन्हेगार आत राहील. या शहरात ते एकदा झालेलं आहे.

आता इथली लोकशाही फार जागी आहे असंही मी ग्रुपवर सांगत असते. सांगण्यासारखं आहेही. डिसेंबर 2022 मध्ये सत्ता उलथवायचा कट करणाऱ्यांना धरलं आणि 2024 मध्ये श्टुटगार्ट, फ्रांकफुर्ट आणि म्युनिक अशा तीन ठिकाणी त्यांचे खटले उभे राहिले. आरोपींमधल्या म्हाताऱ्या सरदाराच्या भावना शुद्ध असतील असं म्हणून कुणी ते गुंडाळले नाहीत. पण पूर्ण खरं सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगायला हवं. 2000 ते 2007 या काळात नवनाझी टोळीने दहा माणसं मारली, त्यांतली नऊ स्थलांतरित कुटुंबांतली, दोन म्युनिकमधली. पोलीस वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले. म्युनिकच्या न्यायालयात पाच वर्षं खटला चालून 2018 मध्ये जन्मठेप झाली. ही दुसरी गोष्ट मी घरी फारशी सांगत नाही. "तू तिकडे बसून बोलू नकोस" म्हणणाऱ्यांच्या हाती ती द्यायला जीव धजत नाही.

आणि एक गोष्ट त्याहून अवघड आहे. मत असेल तिथे पिस्तूल नको, असं मी चापेकरांवरून म्हटलं. मला स्वतःला मत कुठे आहे? म्युनिकमध्ये नगरपालिकेचंही नाही, ते युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. भारतात आहे, पण त्यासाठी मतदानाच्या दिवशी तिथल्या केंद्रावर स्वतः हजर व्हावं लागतं. जर्मन पासपोर्ट घेतला तर जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. निळी पुस्तिका परत करावी लागेल. तो अर्ज भरून ठेवलेला आहे. पाठवला तर पुढच्या 30 जानेवारीला ग्रुपवर कुणी ना कुणी विचारणार की आता तुझा काय संबंध. माझं उत्तर तयार आहे आणि मला ते आवडत नाही: कागद काहीही म्हणो, मनाने मी तुमचीच आहे. म्हणजे मी घरच्यांकडे तेच मागणार जे नाइटहार्ट यांनी हिटलरला दिलं. कलम बाजूला ठेवा, माझ्या भावना बघा. घरच्यांनी ते दिलं तर मी घेईन. न्यायालयाकडे मागणार नाही, आणि न्यायालयाने दुसऱ्या कुणाला दिलं तर गप्प बसणार नाही. हा फरक ग्रुपवर समजावता येईल की नाही, सांगता येत नाही.

फेल्डहेर्नहालेच्या बाजूला 1933 ते 1945 त्या सोळांचं स्मारक होतं, नाझींच्या एसएस दलाचा पहारा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात उंचावून सलाम करावा लागे. ज्यांना तो करायचा नसे ते मागच्या फिस्कार्डी गल्लीतून वळून जात. त्यांच्या आठवणीत 1995 पासून त्या गल्लीच्या फरसबंदीत कांस्याच्या दगडांची एक रेघ आहे. पोलिसांसाठी 1994 मध्ये जमिनीत एक फरशी बसवली गेली, आणि 2010 मध्ये समोर रेझिडेन्झ राजवाड्याच्या भिंतीवर फलक लागला, घटनेनंतर 87 वर्षांनी. त्यावर चार नावं आहेत: फ्रीडरिश फिंक, निकोलाउस होलवेग, माक्स शोबर्ट, रुडोल्फ श्राउट.